एकच भाषण, दोन स्टाफरूम: तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्याने मत कुठे ठेवायचं?

तासिकावाली

नमस्कार मंडळी. लांबलचक लिहिणार आहे, आधीच सांगते.

मी पुण्यात राज्यशास्त्र शिकवते. सेट (प्राध्यापकीची राज्य पात्रता परीक्षा) झालंय, पीएचडीचा प्रबंध जमा केलाय, आणि अजून तासिका तत्त्वावरच आहे. ज्यांना हे प्रकरण ठाऊक नाही त्यांच्यासाठी: दरवर्षी जून-जुलैत जाहिरात, मुलाखत, मग शैक्षणिक वर्षापुरती नेमणूक. पैसे घेतलेल्या तासांचे, तेही बिल मंजूर होईल तेव्हा. उन्हाळ्यात काहीच नाही. पुढच्या वर्षी घेतलं नाही तर 'काढलं' असं कुणी म्हणत नाही, नुसतं यादीत नाव नसतं.

डॉ. आंबेडकरांचं २५ नोव्हेंबर १९४९ चं भाषण, म्हणजे घटना मंजूर व्हायच्या आदल्या दिवशीचं, मी दरवर्षी वर्गात वाचून दाखवते. सारांश सांगत नाही, वाचते. त्यात त्यांनी इशारे दिलेत. पहिला असा की घटनात्मक मार्ग खुले असताना असहकार, कायदेभंग, सत्याग्रह हे मार्ग सोडून द्यायला हवेत, ते अराजकाचं व्याकरण आहे. दुसरा असा की कितीही थोर माणूस असला तरी आपलं स्वातंत्र्य त्याच्या पायाशी वाहू नये. धर्मातली भक्ती मोक्षाकडे नेत असेल, राजकारणातली भक्ती अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते.

तर माझी पहिली संस्था (नाव विचारू नका). फुले-शाहू-आंबेडकरांच्या तसबिरी, व्याख्यानमाला, निषेध सभा. वातावरण मला मनापासून आवडायचं. पहिला इशारा शिकवायला आणि फीवाढीविरुद्ध मुलांचं धरणं सुरू व्हायला एकच गाठ पडली. मी मुलांना विचारलं, ज्यांनी १९२७ ला महाडला सत्याग्रह केला, १९३० ला काळाराम मंदिरापुढे केला, तेच बाबासाहेब १९४९ ला असं का म्हणतात? काय सुंदर भांडली पोरं! एक मुलगा म्हणाला, "मॅम, तेव्हा मतदानच नव्हतं ना आमच्या लोकांना." एक मुलगी म्हणाली, "मार्ग खुले असताना असं म्हणालेत ते. खुले आहेत का ते आधी ठरवा." शिक्षकाला अजून काय पाहिजे? स्टाफरूममध्ये मात्र विचारणा झाली, "आत्ताच हा उतारा काढायचं कारण काय?" त्याच सुमारास ऋषिपंचमी आली. सासूबाईंबरोबर पहाटे दगडूशेठसमोर अथर्वशीर्ष म्हणायला गेले होते, तो फोटो स्टेटसला टाकला. एक सहकारी सगळ्यांदेखत म्हणाले, "हां, आता कळलं उतारा कुठून येतो ते." पुढे धर्मनिरपेक्षतेवरच्या चर्चासत्रात वक्त्यांमधून माझं नाव गेलं. त्याच्या पुढच्या वर्षी यादीतूनही गेलं.

मग दुसरी संस्था, सध्याची. इथे रोख बरोबर उलटा. भाषण तेच, मी तीच. या वेळी दुसऱ्या इशाऱ्यावर अडलं. कुणीतरी मोबाइलवर क्लिप केली, एका पालकांचा प्राचार्यांना फोन गेला, विभागप्रमुखांनी बोलावून सांगितलं, "मॅडम, घटना शिकवा ना. उदाहरणं कशाला देता?" अहो, मी एकही उदाहरण दिलं नव्हतं! १९४९ चा मजकूर वाचला होता. उदाहरण ज्याने त्याने आपापल्या मनात भरलं.

आणि तो विभागाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. वेळापत्रक, परीक्षेच्या ड्युट्या, नॅकची (महाविद्यालयाच्या मूल्यांकनाची) फाइल, आणि मध्येमध्ये नेत्यांचे वाढदिवस, भाषणांच्या क्लिपा, 'जागे व्हा' छापाचं साहित्य. सगळे अंगठा देतात. मी देत नाही, पहिल्या संस्थेत पलीकडच्या पोस्टनाही द्यायचे नाही. परवा बिलावर सही करताना विभागप्रमुख सर हसत हसत म्हणाले, "तुमचा अंगठा कधी दिसत नाही हो." सही केली त्यांनी. पण आता जाहिरात निघायची वेळ आलीय.

विचारायचं ते हे. मताची शिक्षा म्हणून काम गेलं, हे सिद्ध कसं करायचं? कायदा याला भेदभाव मानतो का? आणि आणखी एक, जे जास्त लागतं: यंदा मी ते भाषण वाचलंच नाही. 'वाचून घ्या, परीक्षेला येईल' म्हणाले आणि पुढचा घटक घेतला. असं कुणाकुणाचं झालंय?

---

रविवार_सकाळ

ताई, अंगठा द्या आणि मोकळ्या व्हा. ग्रुपवरचा अंगठा म्हणजे काय विचारसरणी आहे का? आम्ही 'सुप्रभात'लाही देतो आणि 'भावपूर्ण श्रद्धांजली'लाही. एवढं मनावर घ्याल तर पुण्यात जगणं मुश्कील होईल.

---

निवृत्त_मास्तर

वरच्या प्रतिसादाशी असहमत, पण त्यातला वैताग समजतो.

मॅडम, मी इतिहासाचा माणूस. तुमच्या शहरात हे नवीन नाही. १४ ऑक्टोबर १८९० ला गुरुवार पेठेतल्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानानंतर चहा-बिस्किटं आली. काहींनी घेतला, काहींनी कप नुसता हातात धरला. गोपाळराव जोशी, म्हणजे डॉ. आनंदीबाईंचे यजमान, यांनी हजर असलेल्यांची नावं वर्तमानपत्रात छापून आणली. झालं! ग्रामण्य, म्हणजे जातीतून बहिष्काराचा खटला सुरू, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत. त्या यादीत टिळकही होते आणि रानडेही. १८९२ ला रानड्यांनी प्रायश्चित्त घेतलं. सनातनी आधीच चिडलेले होते, प्रायश्चित्त घेतल्यावर सुधारकही चिडले. दोन्ही स्टाफरूममधून बाहेर पडण्याची तुमची परंपरा बरीच जुनी आहे म्हणायची.

तेव्हा हत्यार पंक्तीचं होतं: श्राद्धाला भटजी मिळणार नाही, मुलीचं लग्न अडेल. पोटाच्या मार्गानेही हे झालंच. र. धों. कर्वे मुंबईत विल्सन कॉलेजात गणित शिकवायचे. संततिनियमनाचा प्रचार करतात म्हणून १९२५ ला त्यांना ती नोकरी सोडावी लागली. बाई, त्या माणसाच्या गणिताबद्दल कुणाची तक्रार नव्हती!

आता थोडं कडू बोलतो. तुमच्या पहिल्या संस्थेत ऋषिपंचमीवरून जे ऐकावं लागलं तो टोमणा होता. वाईट होता, पण टोमणाच. सहकाऱ्याला तुमचं मत न आवडण्याचा आणि तसं बोलून दाखवण्याचा अधिकार आहे, तुम्हालाही आहे. चर्चासत्रातून नाव जाणं ही पुढची पायरी. यादीतून जाणं ही खरी शिक्षा. या तिन्ही गोष्टी तुम्ही एका दमात सांगता, त्यामुळे ऐकणाऱ्याला सगळंच रुसवाफुगवा वाटतं. तक्रार करायची असेल तर फक्त तिसरीची करा.

मी निवड समित्यांवर बसलोय. तिथे 'तुमची विचारसरणी काय' असं कुणी विचारत नाही. उमेदवार बाहेर गेला की कुणीतरी घसा खाकरून म्हणतं, "हुशार आहेत, पण आपल्या वातावरणात रुळतील का?" बाकीचे माना डोलावतात. इतिवृत्तात यातला एक शब्द येत नाही. तुमचं भांडण या वाक्याशी आहे, आणि ते कागदावर नाही हीच अडचण आहे.

---

हिंजवडी_फेज_तीन

सर, ते वाक्य आमच्याकडे कागदावर असतं. 'कल्चर फिट' असा रकानाच आहे इंटरव्ह्यूच्या फॉर्मात.

अमेरिकन कंपनी, पुण्यात मोठं ऑफिस. वरून येणाऱ्या मेलमध्ये एक जग आणि आमच्या फ्लोअरवर दुसरं. जूनमध्ये मीटिंगसाठी एलजीबीटी समुदायाच्या पाठिंब्याचं इंद्रधनुष्यी बॅकग्राउंड येतं, 'ऐच्छिक' असं लिहून. मी लावलं नाही. विरोध म्हणून नव्हे, मी कुठलंच लावत नाही. वन-ऑन-वनमध्ये मॅनेजर म्हणाला, "लीडरशिपला व्हिजिबिलिटी आवडते." याच मॅनेजरने फ्लोअरवरच्या एका धार्मिक कार्यक्रमाची वर्गणी न देणाऱ्यांची नावं एक्सेल शीटमध्ये लाल केली होती. शीट सगळ्या टीमला शेअर! दोन्हीकडे त्याची स्वतःची श्रद्धा किती असेल याची मला शंकाच आहे. प्रमोशनवर मात्र आहे.

याहून मोठी गोष्ट सांगतो. माझ्या टीममध्ये एकजण दरवर्षी १४ एप्रिलला रजा टाकतो. राज्यात सार्वजनिक सुट्टी असते, आमच्या कॅलेंडरमध्ये नाही. कारणाच्या जागी तो 'पर्सनल वर्क' लिहितो. मी एकदा विचारलं, सरळ 'आंबेडकर जयंती' का लिहीत नाहीस? म्हणाला, "आडनावावरून कळत नाही लोकांना, तोवर बरंय." त्याचं कुठलंही मत कुणी दाबलेलं नाही, कारण त्याने ते कधी बाहेरच काढलं नाही. ट्रेनिंगमधले सगळे प्रश्न तो शंभर टक्के बरोबर सोडवतो, मीही सोडवतो, पुढे पुढे क्लिक करून.

तिकडे अमेरिकेत तरी सगळं छान असेल असं समजू नका. २०१७ ला गूगलच्या एका इंजिनिअरने कंपनीच्या विविधता धोरणावर टीका करणारा मेमो लिहिला. ऑगस्टमध्ये नोकरी गेली. तो कामगार मंडळाकडे गेला, तर २०१८ च्या सुरुवातीला तिथल्या वकिलांनी म्हटलं की स्त्रियांच्या जन्मजात क्षमतेबद्दलची त्यातली विधानं बघता काढणं बेकायदा नाही. मेमो मी वाचलाय, मला तो काही पटला नाही. पण तो फिरल्यावर आमच्या इथल्या चहाच्या टपरीवर लोक आवाज खाली करून बोलायला लागले, हे मला आठवतं. माझा मेहुणा तिकडे प्राध्यापकीसाठी अर्ज करत होता तेव्हा संशोधनाच्या जोडीला 'विविधतेसाठी मी काय केलं' याचं निवेदन द्यावं लागायचं. तो म्हणाला, चार जणांची वाचून एक तयार केलं, सगळीकडे तेच. एमआयटीने २०२४ ला ही अट काढली, कॅलिफोर्निया विद्यापीठाने २०२५ ला. गंमत म्हणजे याच कॅलिफोर्निया विद्यापीठाने १९५० मध्ये कम्युनिस्टविरोधी शपथेवर सही न करणाऱ्या ३१ प्राध्यापकांना घरी पाठवलं होतं. शपथ बदलते, सहीची जागा तीच राहते.

तासिकावाली, तुमचा अंगठ्याचा किस्सा वाचून मला ती लाल शीट आठवली. रविवार_सकाळ म्हणतात तसं मी वर्गणी देऊन मोकळा झालो. पुढच्या वर्षी रक्कम वाढली होती.

---

अभ्यासिका_सदाशिव

मॅम, मी शिकवत नाही, शिकतो. एम.ए. झालं, आता स्पर्धा परीक्षा. आमच्या बाजूने एक सांगू का? आम्हाला सगळं माहीत असतं. कुठल्या सरांच्या पेपरात कुणाचं अवतरण टाकायचं, कुणाचं चुकूनही टाकायचं नाही. अंतर्गत गुणांच्या वेळी तर नक्कीच. माझ्या मित्राने एका प्रश्नाची दोन उत्तरं पाठ केली होती, पेपर कुणाकडे जाणार हे कळेपर्यंत. दोन्ही उत्तम होती. त्याचं स्वतःचं मत काय, हे मी विचारलं तर म्हणाला, "मुलाखतीला बघू."

आणि क्लिप करणारा पोरगा वाईटच असेल असं धरू नका. आमच्या वर्गात निम्मे जण नोट्स म्हणूनच रेकॉर्ड करतात. पुढे कुणी कुठे पाठवलं ते त्यालाही माहीत नसेल.

यंदा वाचलं नाहीत ते मात्र वाचायला हवं होतं, मॅम. लहान तोंडी मोठा घास, माफ करा. पण पुढे आम्हाला क्लासमध्ये ते भाषण चार मुद्द्यांत मिळतं, त्यात भांडण नसतं.

---

शिवाजीनगर_वकील

ताई, कायद्याचं सांगते. अर्धं निराश करणारं आहे.

घटनेच्या कलम १६(२) मध्ये सरकारी नोकरीबाबत भेदभावाची कारणं मोजून दिलीत: धर्म, वंश, जात, लिंग, कुळ, जन्मस्थान, निवास. 'राजकीय मत' त्या यादीत नाही. म्हणून लोक समजतात की मतासाठी काढलं तर काहीच करता येत नाही. ते चूक आहे. कलम १४ (समानता) आणि १९ (अभिव्यक्ती, संघटना वगैरे स्वातंत्र्यं) शिल्लक राहतात, आणि सर्वोच्च न्यायालयाने ते वापरलेत. १९८३ चा मध्य प्रदेश सरकार विरुद्ध रामशंकर रघुवंशी हा निकाल वाचा, छोटा आहे. शाळा सरकारने ताब्यात घेतली, शिक्षकाला सामावून घेतलं, मग पोलिसांचा अहवाल आला की हा पूर्वी संघ आणि जनसंघाच्या कामात होता, म्हणून काढलं. न्यायालयाने सरकारला झापलं. पूर्वीचं राजकारण हा सरकारी नोकरी नाकारण्याचा आधार होऊ शकत नाही, असा त्याचा गाभा. लिहिणारे न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी. याच न्यायमूर्तींनी १९८६ मध्ये केरळमधल्या तीन ख्रिस्ती मुलांना शाळेत परत घ्यायला लावलं. ती मुलं राष्ट्रगीताला शांत उभी राहायची पण त्यांच्या पंथश्रद्धेमुळे गायची नाहीत, म्हणून शाळेने काढली होती. तुमच्या दोन्ही स्टाफरूमना एकेक निकाल आवडेल. दोन्ही एकत्र आवडणारा माणूस मला कोर्टात फार कमी भेटतो.

आता निराशेचा भाग. हे सगळं सरकारविरुद्ध. हिंजवडीच्या भाऊंची खासगी कंपनी कलम १४ ला बांधील नाही, तिथे करार आणि कामगार कायदे. अनुदानित महाविद्यालय मधल्या जागेत येतं, कारण नेमणूक, मान्यता, पगार यांना विद्यापीठ कायद्याची आणि शासनाची चौकट आहे. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्यात न्यायाधिकरण आहे, बडतर्फी किंवा सेवासमाप्तीविरुद्ध तिथे अपील होतं. पण तुमची सेवा कुणी संपवलीच नाही, ती मुदतीने संपली. मास्तरांनी म्हटलं ते खरं, यादीत नाव नसणं याला आदेश नसतो, आणि आदेश नाही तर आव्हान कशाला देणार? माझ्याकडे तासिकावाले येतात तेव्हा दहापैकी बहुतेकांना मी हेच सांगून चहा पाजून परत पाठवते.

म्हणून विचारसरणीवर भांडू नका. 'मला अमुक विचारांची म्हणून डावललं' हे म्हणालात की समोरचा म्हणणार, सिद्ध करा. 'माझे गुण जास्त असताना कमी गुणांच्या उमेदवाराला घेतलं' हे म्हणालात तर कागद त्यांना दाखवावे लागतात. तुमची तास नोंदवही, निकाल, विद्यार्थ्यांचे अभिप्राय, मागच्या नेमणुकांची पत्रं आणि मान्यता, सगळ्याच्या प्रती आत्ताच घरी आणा. विभागप्रमुख तोंडी काही सांगतात ना, त्याच संध्याकाळी नम्रपणे मेल करा: आपण आज सुचवल्याप्रमाणे संविधान सभेतील भाषणाचं वाचन वर्गात घेऊ नये असं मी समजते, कृपया खात्री द्यावी. बहुतेक वेळा उत्तर येत नाही. न आलेलं उत्तरही फाइलला लावता येतं. आणि अभ्यासक्रमाच्या संदर्भयादीत संविधान सभेची भाषणं आहेत का बघा. असली तर तुम्ही तास घेत होतात, मत मांडत नव्हतात.

जाता जाता: शिक्षकाने राजकारणापासून लांब राहावं असं कुणी ऐकवलं तर कलम १७१ दाखवा. विधान परिषदेत शिक्षकांसाठी वेगळा मतदारसंघ घटनेनेच दिलाय, पुणे विभागालाही आहे. प्रचाराला तीच मंडळी स्टाफरूममध्ये येऊन चहा घेतात.

---

तासिकावाली

सगळ्यांचे आभार. उशीर झाला, पेपर तपासणी चालू होती.

मास्तर, टोचलं, पण तीन गोष्टी वेगळ्या करा म्हणालात ते मान्य. टोमण्याबद्दल मात्र माझं मत थोडं वेगळं आहे. कायम नोकरीवाल्याने कायम नोकरीवाल्याला मारला तर तो टोमणा. जो माझ्या मुलाखतीला समोर बसणार आहे त्याने मारला तर मी तो टोमणा म्हणून ऐकूच शकत नाही. ते सहकारी पुढच्या वर्षी समितीवर होते.

सदाशिव, माफी कसली मागतोस. परीक्षा झाल्यात, पण ज्यांना यायचंय त्यांच्यासाठी येत्या शनिवारी तास ठेवलाय. नोटीस विभागाच्या ग्रुपवर टाकली, उताऱ्याच्या पानांसकट. दोन अंगठे आले, एक शिपाईमामांचा.

वकीलताई, संदर्भयादीत आहे! मूळ भाषणांचा खंड. मेलही पाठवला, उत्तर नाही. एक विचारायचं राहिलं: मुलाखतीनंतर समितीचा गुणतक्ता मला मागता येईल का? आमची संस्था म्हणते, 'आम्ही सरकारी कार्यालय नाही, आम्हाला माहितीचा अधिकार लागू नाही.'

---

शिवाजीनगर_वकील

अनुदानित असेल तर लागू आहे. शासनाकडून भरीव अर्थसाहाय्य घेणारी संस्था २००५ च्या कायद्यात येते, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाविद्यालयं चालवणाऱ्या एका ट्रस्टच्या प्रकरणात हे स्पष्ट केलंय. अर्ज महाविद्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याच्या नावाने, १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावून. 'का घेतलं नाही' असं विचारू नका, कारणं विचारली की उत्तर टाळता येतं. निवड समितीचं इतिवृत्त, तुमचे गुण, निवडलेल्या उमेदवाराचे गुण आणि आरक्षण-विषयवार कार्यभार तक्ता, एवढ्याच्या प्रमाणित प्रती मागा. ३० दिवसांत आलं नाही तर पहिलं अपील. पोच घ्यायला विसरू नका, आवक क्रमांकासकट. आणि हा अर्ज मुलाखतीच्या आधी देऊ नका, निवडयादी लागली की दुसऱ्या दिवशी द्या.